बिडाची जुनी शेगडी: आधी सांधे, मग रंग

प्रश्न: मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक शेतकरी आहे. भुसावळला एका भंगाराच्या दुकानात लाकडावर चालणारी, चार पायांची बिडाची बंद शेगडी दिसली आणि मी ती वजनावर विकत घेतली. शेतातल्या जुन्या धाब्याच्या घरात आई राहते. पौष-माघातल्या थंडीत तिची खोली उबदार राहावी, एवढाच हेतू आहे. शेगडी गंजून लाल झाली आहे, उजव्या बाजूच्या प्लेटला वीतभर तडा गेला आहे, आतली जाळी मधोमध खचली आहे आणि दार नीट बसत नाही. गावातला वेल्डर म्हणतो की तासाभरात तडा भरून देतो. धाकटा भाऊ म्हणतो की घासून काळा ऑइलपेंट मारला की झाली नवी. शेगडी वाचेल का? तिच्यात भरताची वांगी भाजता येतील का? सरपण कोणते वापरावे?

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपण वर्णन केलेल्या स्थितीतली शेगडी बहुतेक वेळा वाचते; मात्र वेल्डर आणि धाकटे बंधू या दोघांनाही तूर्त थांबवावे. बिडाच्या शेगडीचा गंज डोळ्यांत भरतो, म्हणून सगळ्यांचे लक्ष तिकडेच जाते, परंतु वरवरचा गंज हा तिचा सर्वांत किरकोळ दोष असतो. प्लेटा अखंड आहेत की नाहीत, त्यांच्यामधले सांधे धूर धरतात की नाही आणि तो धूर घराबाहेर कोणत्या वाटेने जाणार आहे, या तीन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. ज्या घरात वयस्कर व्यक्ती रात्रभर झोपणार आहे तिथे तर या बाबतीत कोणतीही सवलत देता येत नाही.

सुरुवात तपासणीपासून करावी. दार, जाळी, राखेचा ट्रे, वरचे झाकण असे सुटे होणारे सर्व भाग काढून घ्यावेत. जुने बोल्ट गंजाने धरलेले असतील, तेव्हा त्यांच्यावर पाना घालून जोर करू नये, कारण बीड वाकत नाही, ते थेट तुटते आणि बोल्टसोबत प्लेटचा कानही हातात येतो. बोल्टवर डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल घालून ते दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि तरीही बोल्ट हलला नाही तर त्याचे डोके ग्राइंडरने कापून टाकावे. बोल्ट काही रुपयांत नवा मिळतो, प्लेट मिळत नाही. नवे बोल्ट बसवताना त्यांच्या आट्यांना ग्राफाइटची पेस्ट लावावी, म्हणजे पुढच्या वेळी ही कसरत करावी लागणार नाही.

त्यानंतर प्रत्येक प्लेट दोरीने टांगून लहान हातोडीने हलकेच वाजवून पाहावी. अखंड बीड घंटेसारखे खणखणते, तडा गेलेले बीड बद्द आवाज देते. जिथे संशय येईल तो भाग घासून स्वच्छ करावा, त्यावर डिझेलचा बोळा फिरवावा, काही वेळाने कापडाने कोरडा पुसून वर खडूची पूड चोळावी. तड्यात शिरलेले डिझेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. आपल्याला दिसलेला तडा वीतभर असला तरी तो प्रत्यक्षात त्याहून दोन-तीन बोटे पुढे गेलेला असण्याची शक्यता असते, आणि त्याचे खरे टोक कुठे आहे हे याच रेघेवरून कळते. हे टोक कळणे का महत्त्वाचे आहे ते पुढे सांगतो. शेगडी पेटवण्यापूर्वी हे डिझेल पूर्ण उडून गेले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

आता वेल्डरविषयी. बिडात सुमारे दोन ते चार टक्के कार्बन असतो, नेहमीच्या बांधकामी लोखंडात तो पाव टक्क्याच्या आसपास असतो. साध्या रॉडने बिडावर वेल्डिंग केले की वितळलेल्या धातूत हा कार्बन मिसळतो, जोडाच्या कडेचा पट्टा काचेसारखा कडक होतो आणि थंड होताना, किंवा पहिल्याच कडक आगीत, जुन्या तड्याला लागूनच नवा तडा जातो. तासाभरात काम करून देणारा कारागीर अप्रामाणिक असतो असे नाही. त्याचा हात ट्रॉली आणि नांगराच्या लोखंडावर बसलेला असतो, एवढेच. बिडाला निकेलचा रॉड लागतो. जोडण्यापूर्वी संपूर्ण प्लेट निदान अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापवावी लागते, वेल्डिंग इंच-इंच करत पुढे न्यावे लागते आणि काम झाल्यावर प्लेट राखेत किंवा कोरड्या चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर निवू द्यावी लागते. हे करण्याची तयारी असलेला कारागीर मिळाला तरच वेल्डिंगचा विचार करावा. पितळी जोड हा दुसरा मार्ग आहे, पण आगीला प्रत्यक्ष भिडणाऱ्या भागासाठी मी तो सुचवणार नाही.

माझे मत विचाराल तर आपल्या प्लेटसाठी वेल्डिंगची गरजच बहुधा पडणार नाही. बाजूच्या प्लेटवर शेगडीचा भार फारसा नसतो. तड्याच्या दोन्ही खऱ्या टोकांवर तीन-तीन मिलिमीटरची भोके पाडावीत, म्हणजे ताण एका बिंदूवर साचत नाही आणि तडा पुढे सरकत नाही. मग आतल्या बाजूने तड्यावर भट्टीचे, म्हणजे उष्णता सोसणारे, सिमेंट भरून त्यावर तीन-चार मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी बोल्टने आवळून बसवावी. पट्टीची भोके किंचित लांबट ठेवावीत, कारण तापल्यावर लोखंड आणि बीड सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. असा ठिगळ दिसायला कुरूप असतो, परंतु तो आतल्या बाजूला असल्याने कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि चुकीच्या वेल्डिंगप्रमाणे मूळ प्लेटचे नुकसान तरी करत नाही. तडा जर दाराच्या चौकटीतून किंवा धुराच्या तोंडाच्या कडेतून आरपार गेला असेल तर मात्र ती प्लेट नव्याने ओतून घ्यावी लागेल.

जाळीचे तसे नाही. ती खचली याचा अर्थ पूर्वीच्या मालकाने राखेचा ट्रे वेळेवर रिकामा केला नाही. जाळीला खालून येणारी हवाच थंड ठेवत असते; ट्रे भरून राख जाळीला टेकली की ही हवा अडते, वर निखारे आणि खाली गरम राख यांच्यात बीड लालभडक होऊन मऊ पडते आणि सरपणाच्या वजनाने बसते. खचलेली जाळी ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये, ती तुटेल. जळगाव किंवा धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत बिडाचे ओतकाम करणारी फाउंड्री शोधावी, आणि तिथे एका नगाचे काम कोणी घेत नसेल तर कोल्हापूरकडे चौकशी करावी. ओतकामाच्या बाबतीत ते शहर महाराष्ट्रात अग्रेसर आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुनाच भाग साचा म्हणून वापरला तर नवा भाग किंचित लहान येतो, कारण वितळलेले बीड गोठून निवताना साधारण एक टक्का आकसते. चाळीस सेंटिमीटरची जाळी चार मिलिमीटरने आखूड होईल. जाळीच्या बाबतीत हे उलट सोयीचेच आहे, कारण तिला तापून फुगायला जागा हवीच असते. खाचेत बसणारी बाजूची प्लेट मात्र एवढ्या फरकाने बसणार नाही, आणि तिच्यासाठी लाकडी नमुना त्या हिशोबाने मोठा करून घ्यावा लागतो. जाळी ओतायला देताना तिची आठवण म्हणून जुनी जाळी परत मागून घ्यावी. पुन्हा कधी लागली तर मापे घ्यायला ती हाताशी असते.

सांधे हा या दुरुस्तीचा खरा गाभा आहे. बिडाची बंद शेगडी एकसंध ओतलेली नसते. तिच्या प्लेटा एकमेकींच्या खाचांत बसवून लांब बोल्टने आवळलेल्या असतात आणि खाचांत भट्टीचे सिमेंट भरलेले असते. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने हे सिमेंट भुगा होऊन गळून जाते. रात्री खोलीत अंधार करून शेगडीच्या आत प्रखर टॉर्च ठेवावा आणि बाहेरून सगळ्या कडा पाहाव्यात. जिथून प्रकाश झिरपतो तिथून धूरही येणार. एखाद-दुसऱ्या जागी प्रकाश दिसला तर तेवढीच फट खरवडून भरावी. चारही कडांना दिसला तर शेगडी पूर्ण उकलून पुन्हा जुळवण्याला पर्याय नाही. खाचेतला जुना भुगा पूर्ण काढावा, खाच ओलसर करावी, सिमेंट भरून प्लेटा आवळाव्यात आणि बाहेर आलेले सिमेंट ओल्या बोटाने सारखे करावे. यासाठी भट्टी आणि बॉयलरच्या कामाचेच सिमेंट हवे. बांधकामाचे सिमेंट चारशे अंशांच्या पुढे भुसभुशीत होते, आणि नळाच्या गळतीला लावतात ते इपॉक्सी तर पहिल्याच दिवशी जळून जाईल. आत अग्निविटांचा थर असेल आणि त्या फुटल्या असतील तर तिथेही अग्निविटाच बसवाव्यात, घराच्या विटा नव्हेत.

दार न बसण्याचे कारण बहुधा त्याच्या कडेच्या खाचेतली दोरी झिजली हे असेल. ही दोरी काढताना सावध राहावे. जुन्या शेगड्यांत ती ॲस्बेस्टॉसची असू शकते, आणि तिचे कोरडे तंतू श्वासात जाणे फुप्फुसांसाठी घातक असते. दोरी आधी पाण्याने पूर्ण भिजवावी, चांगल्या प्रतीचा मास्क लावून ती काढावी, ओल्या स्थितीतच जाड पिशवीत बांधून टाकावी, आणि ती खाच ग्राइंडरने कधीही घासू नये. नवी दोरी काचतंतूंची किंवा सिरॅमिक तंतूंची घ्यावी; जिनिंग, तेल गिरण्या आणि साखर कारखान्यांना बॉयलरचे सामान पुरवणाऱ्या दुकानात ती मिळते. खाचेची रुंदी मोजून न्यावी. बसवल्यावर कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. चहूबाजूंनी ती अडखळत निघाली पाहिजे. जिथे ती सहज सुटते तिथे दार सैल आहे. दाराला काचेची खिडकी असेल आणि काच फुटली असेल तर साधी किंवा टफन्ड काच बसवू नये. उष्णता सोसणारी सिरॅमिक काच किंवा अभ्रकाचा पत्रा लावावा.

एवढे झाल्यावर गंज आणि रंग. गंज तारेच्या ब्रशने घासावा. मूळ अंगावर जुना रंग असेल तर त्यात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरून कोरडी घासणी टाळावी. ऑइलपेंट मुळीच नको, तो तापून फुगतो, जळतो आणि खोलीभर उग्र धूर करतो. सहाशे अंशांपर्यंत टिकणारा उष्णतारोधक काळा रंग किंवा ग्राफाइटची काळी पॉलिश, यांपैकी काहीही चालेल. तव्याला लावतो तसे खाद्यतेल शेगडीच्या अंगाला लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नये.

पहिली आग अंगणात, थोड्याशा काटक्यांची आणि अर्ध्या तासाची असावी. नंतर शेगडी पूर्ण निवू द्यावी. पुढच्या आगी थोड्या-थोड्या वाढवत न्याव्यात, म्हणजे सिमेंटमधले पाणी सावकाश निघून जाते आणि रंगही पक्का होतो. तापलेल्या बिडावर पाणी कधीही शिंपडू नये.

आता आपल्या घराचा प्रश्न, आणि इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. धाब्याच्या घरात छत लाकडी कड्यांवर आणि फळ्यांवर मातीचा थर देऊन केलेले असते. उन्हाळ्यात ते घर थंड राहते ते याच छतामुळे, पण धुराचा तापलेला पाइप त्यातून सरळ वर नेणे म्हणजे वर्षानुवर्षे वाळलेल्या सागाला विस्तव दाखवणे आहे. एकेरी पत्र्याच्या पाइपपासून कोणतेही लाकूड निदान ४५ सेंटिमीटर आणि शेगडीच्या अंगापासून निदान ९० सेंटिमीटर दूर हवे. घराला लागून पत्र्याची किंवा लोखंडी कैच्यांची पडवी असेल, तर शेगडी त्या खोलीत ठेवून आईंची निजायची व्यवस्था तिथे करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. धाब्यातूनच पाइप न्यायचा असेल तर तेवढ्या भागात दुहेरी भिंतीचा, मधे रॉकवूल (उष्णतारोधक खनिज लोकर) भरलेला स्टीलचा पाइप घालावा, आणि आसपासच्या कड्या आडव्या कड्यांवर तोलून तिथे मोकळा चौकोन काढण्याचे काम अनुभवी सुताराकडून करून घ्यावे.

पाइपचा व्यास शेगडीच्या तोंडाएवढाच असावा, तो कुठेही अरुंद करू नये. शेगडीच्या माथ्यापासून एकूण उंची साडेचार मीटरच्या आसपास मिळाली तर ओढ चांगली लागते. टोक छतातून बाहेर पडते त्या जागेपासून ९० सेंटिमीटर वर, आणि तीन मीटरच्या परिघात जे काही उंच असेल त्याच्याहून ६० सेंटिमीटर वर असावे. जोड देताना वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत जावे, म्हणजे पाइपमध्ये धुरातून साचून ओघळणारे काळे डांबर शेगडीतच परत येते, बाहेर भिंतीवर गळत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा शेगडीलगत वापरू नये, तापल्यावर त्याची वाफ बाधते. सिमेंटचे पाइप स्वस्त पडतात म्हणून अनेक जण धुराड्याला लावतात. ते उष्णतेने तडकतात. काळा जाड पत्रा किंवा स्टेनलेस स्टील घ्यावे. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा. या वायूला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. दोन बोटे खिडकी रात्रभर उघडी ठेवावी, आणि निखारे लाल असताना धुराची झडप पूर्ण बंद करण्याची सवय घरात कोणालाही लागू देऊ नये.

सरपणाच्या बाबतीत खान्देशी शेतकरी नशीबवान आहे, पण ती सगळी संपत्ती शेगडीत घालण्यासारखी नसते. बाभूळ उत्तम; तिचा निखारा दीर्घकाळ टिकतो. चिंच आणि अंजनही जड आणि चिवट जळतात. तुराट्या पेटवणासाठी चांगल्या. कपाशीच्या पऱ्हाट्या भराभर आणि फार तीव्र जळतात, त्यामुळे शेगडी पऱ्हाट्यांनी ठासून भरली तर बीड लाल होऊ शकते. शिवाय पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचून ठेवले तर त्यांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, म्हणून त्यांचा साठा करण्याचा मोहच नको. केळीचे खांब कितीही वाळवले तरी सरपण म्हणून निरुपयोगी. प्लायवूड, रंगवलेले लाकूड आणि ठिबकच्या नळ्यांचे तुकडे आगीत जाता कामा नयेत. लाकूड वखारीतून किंवा स्वतःच्या बांधावरचे रीतसर घ्यावे. सातपुड्याच्या राखीव वनातून आलेली मोळी स्वस्त पडते, पण तो व्यवहार कायद्यात बसत नाही.

लाकडात वीस टक्क्यांहून कमी ओलावा हवा. त्याहून ओले लाकूड स्वतःचे पाणी उडवण्यातच उष्णता घालवते, धूर थंड राहतो आणि पाइपमध्ये डांबराचा थर बसतो, जो पुढे एखाद्या कडक आगीत पेट घेतो. ढलपे फाल्गुनात फोडून ठेवावेत. पंचेचाळीस अंशांकडे झुकणारे आपले वैशाखाचे ऊन ते काम कोणत्याही यंत्राहून चांगले करते. मृगाच्या आधी ते छपराखाली आणावेत. दोन ढलपे एकमेकांवर आपटल्यावर टणत्कार झाला आणि टोकांना चिरा दिसल्या म्हणजे ते तयार आहेत. आपल्याकडची थंडी दहा अंशांच्या खाली उतरते ती काही रात्रींपुरती, ज्या रात्री आपण केळीच्या बागेभोवती शेकोट्या पेटवता. एवढ्या थंडीला मोठी शेगडी तोंडोतोंड भरून मंद धुमसत ठेवू नये. थोडे लाकूड, पण चांगल्या ज्वाळेने जळणारे, हे प्रमाण ठेवावे. पाइपवर चिकटणारा चुंबकी तापमापक लावला आणि त्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण १२० ते २४० अंशांच्या दरम्यान राखले, तर आईंनाही एकट्याने आग सांभाळता येईल.

वांग्यांसाठी शेगडीचे दार उघडे ठेवावे लागेल, आणि मग सगळा धूर खोलीत येईल. वांग्याचा गळणारा रस तापलेल्या बिडावर पडणे हेही बरे नाही. आसोदा-बामणोदची भरताची वांगी अंगणात काड्यांच्या उघड्या जाळावरच भाजावीत. शेगडीचा माथा सपाट असेल तर त्यावर दूध गरम ठेवता येईल, भाकरी शेकता येईल.

राखेचा ट्रे रोज रिकामा करावा. राखेत निखारा दोन दिवसही जिवंत राहतो, म्हणून ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर आणि पऱ्हाट्यांपासून दूर ठेवावी. पूर्ण निवल्यावर बागेत पसरता येते. महिन्यातून एकदा पाइपवर टकटक करून आत डांबर साचले नाही ना हे आवाजावरून पाहावे आणि हंगाम संपताच पाइप उतरवून ब्रशने साफ करावा.

खान्देशात ही शेगडी वर्षातले दोन-अडीच महिने पेटेल आणि उरलेले साडेनऊ-दहा महिने थंड पडून राहील. बहुतेक शेगड्या इथे आगीने नव्हे, या रिकाम्या महिन्यांत खराब होतात. राख क्षारयुक्त असते. पावसाळ्यातल्या हवेतला ओलावा ती शोषून घेते आणि ओली राख बिडाला आतून खात राहते. म्हणून होळीनंतर शेवटची आग झाली की शेगडीतली राख कानाकोपऱ्यांतून पूर्ण काढावी, आतले अंग कोरड्या ब्रशने झाडावे, जाळी आणि दाराच्या बिजागऱ्यांना मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. पाइपच्या टोकावर टोपी आणि बारीक जाळी बसवावी. दार किलकिले ठेवावे, म्हणजे आत हवा खेळती राहील. ओलावा शोषला जावा म्हणून आत कळीच्या चुन्याचे भांडे ठेवण्याची पद्धत आहे, पण दार उघडे असेल तर त्याचा उपयोग नाही. दोन्हींपैकी एकच करावे, आणि मी हवा खेळती ठेवणे पसंत करीन. दिवाळीनंतर पहिली आग पेटवण्याआधी पाइपमध्ये पक्ष्यांची किंवा गांधीलमाश्यांची घरटी नाहीत ना हे पाहावे, मग वर्तमानपत्राचा एक पेटता बोळा शेगडीच्या तोंडाशी धरावा. धूर वर ओढला गेला तर लाकूड घालावे; तो खोलीत परतला तर आग न लावता आधी पाइप उतरवावा.